तिच्यापर्यंत किती पोचले? : प्रजनन आरोग्याच्या सरकारी निधीचे मूल्यमापन करताना

नोव्हेंबर १९५२ मध्ये मुंबईत एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. धन्वंती रामा राव आणि मार्गारेट सँगर यांच्या पुढाकाराने अनेक देशांतील कुटुंबनियोजन संघटना तेथे जमल्या आणि ‘इंटरनॅशनल प्लॅन्ड पॅरेंटहुड फेडरेशन’ ही जागतिक संस्था त्या परिषदेत जन्माला आली. त्याच वर्षी भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असा कार्यक्रम सरकारी पातळीवर स्वीकारणारा तो जगातील पहिला देश. याच मुंबईत तीन दशके आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले होते. पुढे १९२७ पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक खटले अंगावर घेत चालवले. एका माणसाने पदरमोड करून आरंभलेले काम तीस वर्षांत सरकारी तिजोरीचा आणि आंतरराष्ट्रीय परिषदांचा विषय झाले. मराठी वाचकाला या क्षेत्रात परके वाटण्याचे कारण नाही, हे सुरुवातीलाच नोंदवावेसे वाटते.

सरकारी पैसा आला की हिशेब आला. तो कसा मांडावा, हाच या पुस्तकाचा विषय आहे. लैंगिक व प्रजनन आरोग्य म्हणताना त्यात पाळणा लांबवण्याची साधने येतात, तसेच सुरक्षित बाळंतपण, सुरक्षित गर्भपात, एचआयव्हीसह लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार, वंध्यत्व, गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि वयात येणाऱ्या मुलामुलींना द्यायची माहितीही येते. या सगळ्यासाठी प्रत्येक सरकार आपल्या देशात खर्च करते. शिवाय श्रीमंत देशांची सरकारे इतर देशांना मदत म्हणूनही पैसा देतात. मूल्यमापन करणारा तीन गोष्टी विचारतो : किती दिला, कुठे गेला आणि त्याने काय बदलले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदपत्रांत मिळते, दुसऱ्यासाठी पायपीट करावी लागते आणि तिसऱ्यावर अभ्यासकांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या आहेत. हिशेब तिजोरीच्या बाजूने मांडला की एक चित्र दिसते आणि जिच्यासाठी पैसा खर्च झाला त्या बाईच्या बाजूने मांडला की अनेकदा दुसरेच. दुसऱ्या बाजूने मांडलेला हिशेब अधिक कष्टाचा असतो, पण अधिक खराही असतो, असे माझे मत झाले आहे. पुढची प्रकरणे वाचताना वाचकांनी ते तपासून पाहावे.

या विषयाकडे लक्ष का द्यावे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर लगेच त्याच कारणांनी मरण पावल्या. यांतील बहुतेक मृत्यू टाळता येण्यासारखे होते. गटमाखर इन्स्टिट्यूटच्या २०१९ सालच्या हिशेबाप्रमाणे कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील २१ कोटी ८० लाख स्त्रियांना गर्भधारणा नको होती, पण त्या आधुनिक गर्भनिरोधक वापरत नव्हत्या. या सर्व देशांत गर्भनिरोधन, बाळंतपण, नवजात बाळांची काळजी, गर्भपात आणि लैंगिक आजारांवरील उपचार या सगळ्या सेवा पुरेशा प्रमाणात द्यायच्या झाल्यास दरडोई, दरवर्षी किती खर्च येईल? त्याच संस्थेचे उत्तर होते १० डॉलर ६० सेंट. गर्भनिरोधक सेवांवर खर्च केलेल्या प्रत्येक जादा डॉलरमागे गरोदरपणाशी संबंधित सेवांवरचे ३ डॉलर वाचतात, असेही त्यात दाखवले होते. इतक्या थोड्या पैशात इतके मोठे दुःख टाळता येण्याजोगी क्षेत्रे सार्वजनिक धोरणात फार नाहीत. तरीही हाच निधी सरकार बदलताच कापला जातो, म्हणून त्याच्या परिणामाचे पुरावे नीट गोळा करून ठेवणे अगत्याचे आहे.

पुरावा पैशाची दिशा कशी बदलतो, याचे एक उदाहरण आपल्या गडचिरोलीतच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ‘सर्च’ संस्थेमार्फत दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक स्वरूपाचा एक तरी आजार होता; दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार निघाले. त्यापूर्वी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. तोवर ‘महिला आरोग्य’ या शीर्षाखाली सरकारी आणि परदेशी पैसा येत होता, पण तो मुख्यत्वे दोनच दारांतून आत येत होता : कुटुंबनियोजन आणि बाळंतपण. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीचा त्रास या गोष्टी बाया वर्षानुवर्षे सोसत होत्या, आणि त्यांची मोजणी कोणी केली नसल्यामुळे अंदाजपत्रकात त्यांना जागा नव्हती. त्या दोन गावांनी ती मोजणी करून दाखवली. प्रजनन आरोग्याचा जो व्यापक विचार पुढे जगाने स्वीकारला, त्याच्या पायाशी या अभ्यासाचा दगड आहे, याचा आपल्याला अभिमान असावा.

तो स्वीकार सप्टेंबर १९९४ मध्ये कैरो येथे झाला. पाकिस्तानच्या डॉ. नफीस सादिक त्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या प्रमुख होत्या आणि या लोकसंख्या परिषदेच्या महासचिवही. १७९ देशांनी तेथे मान्य केले की लोकसंख्येची धोरणे आकड्यांच्या उद्दिष्टांऐवजी व्यक्तीच्या, विशेषतः स्त्रीच्या, आरोग्यावर आणि हक्कांवर उभी राहावीत. अभ्यासकाच्या दृष्टीने कैरोचे आणखी एक वेगळेपण आहे : तिथल्या कृती-कार्यक्रमाने ठरावासोबत खर्चाचा अंदाजही मांडला. २००० साली वर्षाला १,७०० कोटी डॉलर लागतील आणि २०१५ साली २,१७० कोटी. त्यातला सुमारे एक-तृतीयांश मदत देणाऱ्या देशांनी द्यावा आणि दोन-तृतीयांश विकसनशील देशांनी स्वतः उभारावा. कोणी किती द्यायचे हे लिहून ठेवले गेले, म्हणून कोणी किती दिले हे विचारता येऊ लागले.

विचारू लागल्यावर काय दिसले? एकूण रक्कम वाढत गेली, पण तिची अंतर्गत वाटणी पार बदलली. २००२ मध्ये एचआयव्ही, क्षय आणि हिवताप यांच्याविरुद्धचा ‘ग्लोबल फंड’ आणि २००३ मध्ये अमेरिकेचा ‘पेपफार’ हा एचआयव्हीविरोधी कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी लक्षावधी जीव वाचवले आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण १९९५ मध्ये कैरोच्या चौकटीतील मदतीचा निम्म्याहून अधिक वाटा कुटुंबनियोजनाला मिळत होता, तो साधारण बारा वर्षांत एक-दशांशाच्या खाली आला. एचआयव्हीचा वाटा तीन-चतुर्थांशाच्या आसपास गेला. केवळ एकूण बेरीज पाहणाऱ्याला ही प्रगती वाटली असती. देशांनी स्वतः उभारायच्या दोन-तृतीयांशाचीही अशीच गत आहे. त्यातला मोठा भाग सरकारांनी दिलेला नसून घरोघरच्या लोकांनी औषधे, तपासण्या आणि बाळंतपणांसाठी खिशातून भरलेला असतो. एखाद्या बाईने दागिने मोडून खासगी दवाखान्याचे बिल भरले, तर ते पैसेही ‘देशांतर्गत निधी’ या स्तंभात जमा होतात. तुम्ही असा स्तंभ पाहाल तेव्हा त्यातले सरकारचे किती आणि घरातले किती, हे वेगळे काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मदतीचे आकडे प्रामुख्याने आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या, म्हणजे ओईसीडीच्या, नोंदवहीतून घेतले जातात. तिथे प्रत्येक प्रकल्पाला एक उद्देश-संकेतांक असतो : प्रजनन आरोग्य सेवेला १३०२०, कुटुंबनियोजनाला १३०३०, एचआयव्हीसह लैंगिक आजारांच्या नियंत्रणाला १३०४०. पण एखाद्या ग्रामीण रुग्णालयाची इमारत बांधली आणि तिथे बाळंतपणेही होऊ लागली, तर तो खर्च कुठे धरायचा? २०१० मध्ये कॅनडातील मस्कोका येथे जी-८ देशांनी माता-बाल आरोग्यासाठी पैसा देण्याचे ठरवले, तेव्हा या प्रश्नावर एक तोडगा निघाला : प्रत्येक संकेतांकाखालील रकमेचा ठरावीक टक्का या कामाचा मानायचा. कुटुंबनियोजनाची रक्कम पूर्ण धरायची, पिण्याच्या पाण्याच्या योजनांचा लहानसा हिस्सा धरायचा, असे. पद्धत सोयीची आहे. मात्र हे टक्के बदलले की एकही नवा पैसा न देता एखाद्या देशाची मदत वाढलेली दिसू शकते. म्हणून दोन अहवालांतील आकड्यांची तुलना करण्याआधी त्यांच्या पद्धतीचे परिशिष्ट वाचण्याची सवय वाचकांनी लावून घ्यावी. ते रूक्ष असते, पण निष्कर्षाचा पाया तिथेच असतो.

पैसा कसा वाहतो हे समजण्यासाठी कालव्याचे उदाहरण घेऊ. धरणातून किती पाणी सोडले याची नोंद पाटबंधारे खात्याकडे असते. टेलच्या शेतकऱ्याच्या वावरात किती आले, हे त्यालाच ठाऊक असते. निधीचेही तसेच आहे. आधी व्यासपीठावरून घोषणा होते, मग संसदेत किंवा विधिमंडळात तरतूद होते, करार होतो, रक्कम वर्ग होते, खर्च पडतो, साधने खरेदी होतात, ती गोदामात आणि तिथून उपकेंद्रात जातात आणि अखेर एखाद्या स्त्रीच्या हाती पडतात. प्रत्येक टप्प्यावर वेगळा आकडा असतो आणि ज्याला जो सोयीचा तो तो सांगतो. जुलै २०१२ मध्ये लंडनच्या कुटुंबनियोजन परिषदेत २६० कोटी डॉलरच्या घोषणा झाल्या आणि २०२० पर्यंत ६९ गरीब देशांतील आणखी १२ कोटी स्त्रियांपर्यंत गर्भनिरोधके पोचवण्याचे ठरले. २०२० मध्ये मोजदाद केली तेव्हा ही वाढ सुमारे ६ कोटींची भरली. उद्दिष्टाच्या निम्मी, म्हणून हे अपयश मानायचे की आठ वर्षांत ६ कोटी स्त्रियांची सोय झाली म्हणून यश? मला हे यश वाटते. मात्र उरलेल्या निम्म्याचे काय झाले, याचा शोध घेणे मूल्यमापनाचेच काम आहे. घोषणा किती टिकतात, याचे एक उदाहरण ब्रिटनचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या साधनपुरवठा कार्यक्रमाला २०२१ मध्ये ब्रिटनकडून १५ कोटी ४० लाख पौंड अपेक्षित होते. ब्रिटिश सरकारने एकूण परदेशी मदतच कापली आणि मिळणार असलेली रक्कम २ कोटी ३० लाखांवर आली.

आता मापाबद्दल थोडेसे. निरोध, गोळ्या, इंजेक्शन, तांबी आणि नसबंदी यांची बेरीज कशी करणार? त्यासाठी ‘दाम्पत्य-संरक्षण-वर्ष’ असे एकक वापरतात, म्हणजे एका जोडप्याला एक वर्ष मिळालेले संरक्षण. दीर्घकाळ वापरात असलेल्या गुणकांनुसार १२० निरोध म्हणजे एक वर्ष, गोळ्यांची १५ पाकिटे म्हणजे एक वर्ष, तीन महिन्यांची ४ इंजेक्शने म्हणजे एक वर्ष. दहा वर्षांची तांबी ४.६ वर्षे धरली जाते आणि नसबंदी सरासरी १०. हे एकक उपयुक्त आहे, आणि तांबी मध्येच काढणाऱ्यांचा विचार त्या ४.६ मध्ये केलेला असतो हेही खरे. पण ज्या कार्यक्रमाचे यश या एककात मोजले जाईल, त्याचा कल हळूहळू तांबी आणि नसबंदीकडे झुकतो. निरोध मागणाऱ्या नवविवाहितेपेक्षा शस्त्रक्रियेला तयार झालेली बाई आकडेवारीला अधिक ‘फलदायी’ ठरते. दंडात बसवायच्या इम्प्लांटबाबतही हेच दिसते. २०१२-१३ मध्ये नॉर्वे, ब्रिटन, अमेरिका, स्वीडन यांसारखी सरकारे आणि काही प्रतिष्ठाने मिळून पुढे आली. ठरावीक खरेदीची हमी मिळाल्यावर उत्पादकाने ‘जेडेल’ या इम्प्लांटची किंमत १८ डॉलरवरून ८.५० डॉलरवर आणली. सरकारी हमीचा इतका चांगला उपयोग क्वचितच झाला असेल. पण इम्प्लांट बसवायला जितके हात शिकवले गेले, तितके ते काढायला शिकवले गेले नाहीत, आणि नको वाटल्यावर ते काढून घेण्यासाठी आफ्रिकेतील अनेक स्त्रियांना केंद्रोकेंद्री फिरावे लागले. बसवल्याची नोंद होत होती. काढून हवे म्हणून परत गेलेल्या बाईसाठी तक्त्यात रकाना नव्हता.

या क्षेत्रातला सर्वांत आकर्षक भाग कार्यकारणाचा आहे. एखाद्या जिल्ह्यात पैसा गेला आणि जन्मदर उतरला, तर तो पैशामुळे उतरला की मुलींच्या शिक्षणामुळे, की एरवीही उतरलाच असता? याचे सर्वांत विश्वासार्ह उत्तर देणारे ठिकाण बांगलादेशात, ढाक्याच्या आग्नेयेस, मतलब नावाच्या नदीकाठच्या भागात आहे. कॉलराच्या संशोधनासाठी तिथे १९६६ पासून प्रत्येक जन्म, मृत्यू आणि स्थलांतर नोंदवले जात होते. १९७५ मध्ये तिथे घरोघर गोळ्या आणि निरोध वाटले गेले. वापर सुरुवातीला वाढला आणि मग ओसरला. साधन दारात आले होते, पण मळमळ होते, पाळी चुकते, अंगावर जाते, अशा तक्रारी ऐकायला कोणी नव्हते. त्यावरून धडा घेऊन ऑक्टोबर १९७७ मध्ये साधारण निम्म्या गावांत निराळी योजना सुरू झाली : शिकलेल्या स्थानिक स्त्रिया दर पंधरवड्याला घरी येत, वेगवेगळ्या साधनांतून निवड करू देत, त्रास झाला तर साधन बदलून देत किंवा दवाखान्यात पाठवत. उरलेल्या गावांत नेहमीची सरकारी सेवा चालू राहिली.

दोन्हीकडची गावे शेजारची, माणसे सारखी, नोंदी अचूक. त्यामुळे तुलना करता आली. शरीन जोशी आणि पॉल शुल्ट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे दोन दशकांनंतरची स्थिती तपासली, तेव्हा योजनेच्या गावांत जन्मप्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी होते; शिवाय स्त्रियांची प्रकृती, घरातील मालमत्ता आणि मुलांचे शिक्षण यांतही फरक आढळला. मतलबच्या कामाला अनेक देशांच्या सरकारांनी पैसा दिला होता. १९७७ मध्ये साधनांची निवड १९७५ पेक्षा अधिक होती, हे खरे. पण मोठा फरक होता तो दर पंधरा दिवसांनी दार ठोठावून ‘कसं वाटतंय?’ असे विचारणाऱ्या बाईचा. आणि तिचा पगार हा अंदाजपत्रकात सर्वांत आधी कात्री लागणारा खर्च असतो. आपल्याकडच्या आशाताईंच्या मानधनाची चर्चा करताना मतलबचे निष्कर्ष समोर ठेवावेत, असे मला मनापासून वाटते.

असा प्रयोग सर्वत्र शक्य नसतो. भारतात २००५ मध्ये दवाखान्यात बाळंत होणाऱ्या स्त्रीला रोख मदत देणारी जननी सुरक्षा योजना सुरू झाली आणि दवाखान्यातील बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६ मधील ३८.७ टक्क्यांवरून २०१५-१६ मध्ये ७८.९ टक्क्यांवर गेले. बदल नेत्रदीपक आहे. पण त्यामुळे मृत्यू किती घटले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही : २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मधील एका अभ्यासाला नवजात मृत्यूंत घट दिसली, नंतरच्या काहींना तसा ठोस पुरावा मिळाला नाही. दवाखान्यात पोचलेल्या बाईला तिथे रक्त, भूलतज्ज्ञ आणि वेळेवर उपचार मिळाले का, हा प्रश्न मधे उभा राहतो. ब्रिटनमध्येही असेच घडले. सरकारने २०१० मध्ये परदेशी मदतीतून किमान ५० हजार मातांचे जीव वाचवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. २०१८ मध्ये तिथल्या स्वतंत्र मदत-परीक्षण आयोगाने त्याचा आढावा घेतला, तेव्हा वाचलेल्या जिवांचा आकडा प्रत्यक्ष मोजलेला नसून गणिती प्रारूपातून काढलेला आहे, याकडे आयोगाने लक्ष वेधले. आपल्याच सरकारच्या दाव्याला असे जाहीरपणे तपासणारी यंत्रणा असणे, ही मला त्या देशाची हेवा वाटावी अशी गोष्ट वाटते.

कधी कधी राजकारणच नकळत प्रयोग रचून देते. १९७३ च्या हेल्म्स दुरुस्तीमुळे अमेरिकेच्या मदतीचा पैसा गर्भपातासाठी वापरता येत नाही. १९८४ मध्ये रेगन प्रशासनाने त्यापुढे जाऊन मेक्सिको सिटी येथील लोकसंख्या परिषदेत नवे धोरण जाहीर केले : जी परदेशी संस्था स्वतःच्या, अगदी बिगर-अमेरिकी, पैशातूनही कुटुंबनियोजनाचे साधन म्हणून गर्भपाताची सेवा देईल किंवा त्याचा पुरस्कार करेल, तिला अमेरिकेचा कुटुंबनियोजन निधी मिळणार नाही. क्लिंटन यांनी १९९३ मध्ये हे धोरण रद्द केले, बुश यांनी २००१ मध्ये परत आणले, ओबामा यांनी २००९ मध्ये काढले, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये एकूण जागतिक आरोग्य मदतीपर्यंत वाढवले, बायडन यांनी २०२१ मध्ये रद्द केले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते पुन्हा लागू झाले. ही उघडझाप आफ्रिकेतील खेड्यांत घडणाऱ्या कोणत्याही गोष्टीमुळे होत नसून वॉशिंग्टनमधील सत्तांतरामुळे होते. म्हणून परिणामांचा माग काढणे संशोधकांना शक्य झाले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रूक्स, बेंडाव्हिड आणि मिलर यांच्या अभ्यासात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील २६ आफ्रिकी देश घेतले होते. अमेरिकेच्या मदतीवर अधिक विसंबलेल्या देशांत, इतरांच्या तुलनेत, धोरण लागू असताना आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर सुमारे १४ टक्क्यांनी घटला, गर्भधारणा सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्या आणि गर्भपात सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. धोरण उठल्यावर ही वाढ ओसरली. अटी नाकारणाऱ्या संस्थांची केंद्रे बंद पडली आणि त्यांच्यासोबत गोळ्या-इंजेक्शनांचा पुरवठाही थांबला, हे त्याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण. गर्भपात कमी व्हावेत म्हणून घातलेल्या अटीने ते वाढवले. या क्षेत्रातला एकच शोधनिबंध वाचायचा असेल तर वाचकांनी हा वाचावा.

आणखी एका प्रकरणाकडे पाठ फिरवून पुढे जाता येणार नाही. १९७२ मध्ये जागतिक बँक आणि स्वीडन सरकार यांच्या पैशातून भारताचा पहिला लोकसंख्या प्रकल्प सुरू झाला. परदेशी सरकारे भारताच्या जन्मदराबाबत अधीर होती. १९७६-७७ या आणीबाणीच्या वर्षात सुमारे ४३ लाख नसबंद्यांचे उद्दिष्ट होते आणि ८० लाखांहून अधिक झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याच काळात सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. ते अमलात आले नाही. केवळ उद्दिष्ट आणि साध्य यांचे गुणोत्तर काढले, तर ते वर्ष कार्यक्रमाच्या इतिहासातले सर्वोत्तम ठरेल. भारताने १९९६ मध्ये उद्दिष्टे अधिकृतपणे काढून टाकली, पण सवयी टिकल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. त्या दिवसांतील शिबिरांनंतर १३ स्त्रिया मरण पावल्या. २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. त्या ८३ शस्त्रक्रिया दाम्पत्य-संरक्षण-वर्षांत मोजल्या तर ८३० वर्षे भरतात. संमती आणि सुरक्षितता यांसाठी स्वतंत्र रकाना नसलेले कोणतेही मूल्यमापन मी अपुरे मानतो, मग त्यातली सांख्यिकी कितीही काटेकोर असो.

आजची परिस्थिती या अभ्यासाला विशेष निकडीची करते. कुटुंबनियोजनासाठी सर्वाधिक मदत देणारा देश अनेक वर्षे अमेरिका होता. तिथल्या संसदेची त्यासाठीची तरतूद वर्षाला सुमारे ६० कोटी डॉलर असे. जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत गोठवली गेली आणि जुलैपासून ती मदत वाटणारी यूएसएड ही संस्थाच उरली नाही. त्यासोबत १९८४ पासून ९० हून अधिक देशांत लोकसंख्या व आरोग्याच्या ४०० हून अधिक पाहण्यांना आधार देणारा ‘डीएचएस’ कार्यक्रमही थांबला. त्यातल्या काही कामाला पुढे खासगी निधीतून तात्पुरता हात मिळाला. आरोग्यसेवा आटल्याचा परिणाम ज्या पाहण्यांतून कळला असता, त्याच पाहण्या अडचणीत आल्या. इथे भारताची बाजू भक्कम आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १९९२-९३ ते २०१९-२१ या काळातल्या पाच फेऱ्या आपल्याकडे आहेत आणि त्यांचे काम मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतून चालत आले आहे. अनेक देशांतील लोकसंख्याशास्त्रज्ञ याच संस्थेत शिकून गेले. मराठी अभ्यासकाच्या हाताशी असलेले हे साधन जगातल्या फार थोड्या भाषांच्या अभ्यासकांना इतके जवळ आहे.

नव्या वाचकाने कुठून सुरुवात करावी? माझी सूचना अशी की जागतिक अहवाल नंतर पाहावेत. आधी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे तुमच्या जिल्ह्याचे तथ्यपत्रक उघडा. त्यात कुटुंबनियोजन सेवेच्या गुणवत्तेखाली एक ओळ आहे : सध्या गर्भनिरोधक वापरणाऱ्या किती स्त्रियांना त्या साधनाचे दुष्परिणाम कोणी सांगितले होते. देशभरात हे प्रमाण चौथ्या फेरीत सुमारे ४७ टक्के होते आणि पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, सुमारे ६२ टक्के. म्हणजे सुधारणा झाली, आणि तरीही दर दहांतल्या जवळपास चार स्त्रियांना न सांगता साधन दिले गेले किंवा शस्त्रक्रिया झाली. आता राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या वार्षिक आराखड्यातील कुटुंबनियोजनाच्या तरतुदी त्याच्या शेजारी ठेवा. शस्त्रक्रियेचा मोबदला, साधनांची खरेदी, प्रसिद्धी, प्रशिक्षण ही शीर्षे सापडतील. समुपदेशन आणि नंतरच्या विचारपूस-भेटींसाठी किती रक्कम आहे, ते शोधा. ती कोणत्या शीर्षाखाली लपली आहे, तिच्यातली किती वर्ग झाली आणि किती खर्च पडली, हे लिहून काढा. एवढे टिपण हाताशी असले की पहिल्या प्रकरणातील कैरोचे तक्ते वाचायला घ्यावेत.